डेस्कटॉपवरच्या कॅलेंडरमध्ये नुसते ठिपके दिसतात? आधी रुंदी मोजा, सीएसएस नंतर

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. वर्डप्रेस साइटवर ‘द इव्हेंट्स कॅलेंडर’ हे कार्यक्रम दाखवणारं प्लगइन, मोठ्या स्क्रीनवरही महिन्याच्या चौकटींत कार्यशाळांच्या नावांऐवजी ठिपके, थीमच्या (साइटच्या तयार रूपाच्या) सपोर्टने दिलेलं सीएसएस (दिसणं ठरवणारा कोड) टाकल्यावर फोनवरचं कॅलेंडर बिघडलं, तारखेत मध्येच ‘@’, आणि वैतागून शेवटी ‘सरळ गूगल कॅलेंडर चिकटवू का?’ चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता आपले बदल ठेवायची जागा) आणि बॅकअप आहे असं धरून लिहितोय. नसेल तर आधी ते करा.

ठिपके म्हणजे बिघाड नव्हे, ते कॅलेंडरचं मोबाइल रूप आहे. ते डेस्कटॉपवर का दिसतं, हा खरा प्रश्न. बहुतेकांचा समज असा की प्लगइन स्क्रीनची रुंदी बघतं. तसं नाही. ते पानावरच्या ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे चौकोनी डब्यात, बसलंय त्याची रुंदी जावास्क्रिप्टने मोजतं आणि त्यावरून कंटेनरला क्लास (सीएसएसने ओळखायचं नाव) लावतं. मूळ टप्पे ५००, ७६८ आणि ९६० पिक्सेल. ७६८ ओलांडले की ‘मीडियम’चा क्लास लागतो आणि चौकटीत नावं येतात, त्याखाली ठिपके. १९२० पिक्सेलचा मॉनिटर असला तरी कंटेनर ७४० चा असेल तर प्लगइनच्या लेखी तुम्ही मोबाइलवरच आहात.

७४० कुठून येतात? थीमची एकूण रुंदी १२०० धरा. साइडबार असेल तर मजकुराला दोन तृतीयांश, म्हणजे ८००. दोन्ही बाजूंना ३०-३० पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा. उरले ७४०. फक्त २८ पिक्सेलसाठी सगळं रामायण. ब्लॉक थीममध्ये (साइट एडिटरमध्ये ब्लॉक मांडून बदलायच्या थीममध्ये) तर आणखी कमी: वर्डप्रेसच्याच ट्वेंटी ट्वेंटी-फोर थीममध्ये मजकुराची मूळ रुंदी ६२० आहे, ट्वेंटी ट्वेंटी-थ्रीमध्ये ६५०.

मोजायचं असं: कॅलेंडरवर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि ‘ट्राइब-इव्हेंट्स-व्ह्यू’ क्लास असलेल्या सर्वांत बाहेरच्या डिव्हवर (एचटीएमएलमधल्या डब्यावर) माउस न्या, रुंदी दिसते. इथे एक गंमत होते. इन्स्पेक्टची खिडकी उजवीकडे चिकटलेली असेल तर पान आक्रसतं आणि चुकीचा आकडा मिळतो. ती खाली न्या किंवा वेगळी काढा, मग मोजा.

आता ते सपोर्टचं सीएसएस. नाव घेत नाही, पण थीम विकणाऱ्यांच्या सपोर्टकडून हेच उत्तर येतं आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं: मोबाइलची चौकट लपवा, डेस्कटॉपची दाखवा, दोन्हीकडे ‘इम्पॉर्टंट’ (बाकी नियमांवर मात करणारा शब्द) ठोका. दहा ओळी, तिकीट बंद. प्रत्येक दिवसाच्या दोन्ही आवृत्त्या एचटीएमएलमध्ये असतात आणि सीएसएस त्यातली एक लपवतं, म्हणून हा उपाय पहिल्या नजरेत चालल्यासारखा वाटतो. पण ३६० पिक्सेलच्या फोनवर सात रकाने केले की एकेकाला जेमतेम ५१ पिक्सेल मिळतात, नावं दोन-दोन अक्षरांवर तुटतात. शिवाय फोनवर दिवसावर टॅप केल्यावर खाली यादी उघडते, ते बटण म्हणजेच मोबाइलची चौकट. तीच लपवल्यावर यादी उघडणार कशी? तक्रार केलीत की सांगतात, मीडिया क्वेरीत (ठरावीक स्क्रीन-रुंदीलाच लागणाऱ्या सीएसएसमध्ये) घाला. त्याने फोन वाचतो, पण डेस्कटॉपवर अर्धवट रूप उरतं, कारण वरची शोधपट्टी, अक्षरांचे आकार, मोकळ्या जागा, सगळं त्याच ‘मीडियम’ क्लासवर टांगलेलं आहे. मग एकेक नियम हाताने ओढत बसा. त्या दहा ओळी आधी काढा. त्या ठेवून पुढचं काही तपासू नका.

त्यानंतर पहिला उपाय: जागा वाढवा. कॅलेंडरचं मुख्य पान हे वर्डप्रेसचं पान नसतं, आर्काइव्ह, म्हणजे आपोआप तयार होणारी यादी, असतं. त्यामुळे ‘पेजेस’मध्ये शोधून ते फुल-विड्थ करता येत नाही. प्लगइनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टेम्प्लेट निवडता येतं. तिथे थीमचं साइडबार नसलेलं टेम्प्लेट किंवा ‘डीफॉल्ट इव्हेंट्स टेम्प्लेट’ लावून बघा. ब्लॉक थीम असेल तर साइट एडिटरमध्ये रुंदी बदला. माझं मत विचाराल तर कॅलेंडरशेजारी साइडबार हवाच कशाला?

जागा वाढणारच नसेल तर टप्पा खाली आणा. ‘ट्राइब_इव्हेंट्स_व्ह्यूज_व्ही२_व्ह्यू_ब्रेकपॉइंट्स’ हा फिल्टर आहे, म्हणजे प्लगइनची किंमत आपल्या कोडने बदलायची सोय (नाव कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत). त्याला टप्प्यांचा ॲरे (यादी) मिळतो. त्यातल्या ‘मीडियम’ची किंमत ७६८ ऐवजी ७०० करून ॲरे परत द्या. चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये चार ओळी. ६५० च्या खाली मी जाणार नाही: रकाना साधारण ९० पिक्सेलचा होतो आणि देवनागरी नावं चार-पाच ओळींत वाहतात. तुमची नावं छोटी असतील तर जमेलही. तिथे ओळींची उंची १.५ तरी ठेवा, नाहीतर मात्रा-वेलांट्या कापल्या जातात.

अजून एक शक्यता. पान उघडताना ठिपके आणि स्क्रोल केल्यावर अचानक नावं, असं होत असेल तर रुंदीला दोष देऊ नका. वेग वाढवणारं एखादं प्लगइन जावास्क्रिप्ट लांबणीवर टाकतंय, म्हणून क्लास उशिरा लागतोय. या प्लगइनच्या स्क्रिप्ट त्यातून वगळा.

तुम्ही टेम्प्लेटच्या फाइलीही बदलल्यात असं दिसतंय. थेट प्लगइनच्या फोल्डरमध्ये बदल केला असेल तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाणार. चाइल्ड थीममध्ये प्रत ठेवायची, पण जागा दोन आहेत: महिना, यादी वगैरे दृश्यांसाठी ‘ट्राइब’ फोल्डर, त्यात ‘इव्हेंट्स’, त्यात ‘व्ही२’; आणि एकेका कार्यक्रमाच्या जुन्या पद्धतीच्या पानासाठी ‘ट्राइब-इव्हेंट्स’ हे वेगळं फोल्डर. एकातली फाइल दुसऱ्यात टाकली तर एररही येत नाही, नुसतं काही होत नाही. प्रत केलेली फाइल प्लगइनसोबत अपडेट होत नाही, हेही लक्षात ठेवा. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आवृत्तीचा आकडा असतो. मोठ्या अपडेटनंतर मूळ फाइलशी ताडून बघा. नुसत्या रंगांसाठी तर टेम्प्लेटला हातच लावू नका, वर्डप्रेसचा कस्टमायझर (रंगरूपाची सेटिंग) पुरतो.

‘@’चं उत्तर एका ओळीत: डिस्प्ले सेटिंगमध्ये तारीख-वेळेच्या मधलं विभाजक चिन्ह असतं, तिथे स्वल्पविराम आणि एक मोकळी जागा द्या. हां, मोकळी जागा विसरलात तर तारीख आणि वेळ चिकटतात.

गूगल कॅलेंडर चिकटवायचं असेल तर चिकटवा, पण ते आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या खिडकीत) येतं, म्हणजे तुमच्या साइटचं सीएसएस आत पोचतच नाही. पत्त्यातल्या पॅरामीटरने महिना की अजेंडा, आठवड्याचा पहिला वार, टाइमझोन, शीर्षक दिसावं की नाही, एवढं ठरवता येतं. फॉन्ट तुमचा येणार नाही. दिसणं हीच तक्रार असलेल्या माणसाला हा मार्ग मी सुचवणार नाही.

हे सगळं प्लगइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांना धरून आहे. सेटिंगची नावं थोडी इकडेतिकडे असू शकतात. पुढचं विचारताना स्क्रीनशॉट नको, त्या बाहेरच्या डिव्हची रुंदी पिक्सेलमध्ये आणि त्यावर ‘मीडियम’चा क्लास लागलाय की नाही, एवढं लिहा.