कंट्रोलरमधली मेथड व्ह्यूमध्ये का सापडत नाही? (रुबी ऑन रेल्स)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधल्या मेसच्या डब्यांचं महिन्याचं बिल दाखवणारी साइट रेल्समध्ये करताय. ॲप्लिकेशन कंट्रोलरमध्ये (ब्राउझरची विनंती हाताळणारा कोड) ‘करंट_कस्टमर’ (लॉगिन केलेलं गिऱ्हाइक देणारी) आणि ‘रुपयांत’ (रक्कम रुपयांत दाखवणारी) अशा दोन मेथड लिहिल्यात. कंट्रोलरमध्ये त्या चालतात, पण व्ह्यूमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, वापरल्या की ‘अनडिफाइंड लोकल व्हेरिएबल ऑर मेथड’ येतं. (कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच रोमन टाका.)

व्ह्यू हा कंट्रोलरचा भाग नाही, ते वेगळं ऑब्जेक्ट आहे. रेंडर करताना रेल्स कंट्रोलरमधले ॲट चिन्हाचे व्हेरिएबल तेवढे उचलून व्ह्यूला देतं. मेथड जिथल्या तिथेच राहतात. म्हणून ॲट-कस्टमर व्ह्यूमध्ये दिसतो आणि ‘करंट_कस्टमर’ दिसत नाही. तुमच्या दोन मेथडना उपायही दोन वेगळे लागतील.

‘करंट_कस्टमर’ला सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) लागतं, त्यामुळे ती कंट्रोलरमध्येच राहू द्या. क्लासच्या वरच्या भागात एक ओळ घाला:

हेल्पर_मेथड :करंट_कस्टमर

या ओळीमुळे व्ह्यूमध्ये त्याच नावाची एक छोटी मेथड तयार होते आणि ती कंट्रोलरमधल्या मेथडला हाक मारते. मूळ मेथड प्रायव्हेट असली तरी चालतं, उलट प्रायव्हेटच ठेवा. नाहीतर उद्या राउट लिहिताना चूक झाली तर ती ॲक्शन म्हणून, म्हणजे थेट वेबपत्त्यावरून, उघडी पडेल.

‘रुपयांत’ला ना सेशन लागतं ना पॅराम्स (विनंतीसोबत आलेली माहिती). ती कंट्रोलरमधून काढा आणि ॲप फोल्डरमधल्या हेल्पर्समध्ये (व्ह्यूसाठीच्या मेथड ठेवायची जागा) ‘बिल_हेल्पर’ नावाची फाइल करून ‘बिलहेल्पर’ मॉड्यूलमध्ये ठेवा. फाइलचं आणि मॉड्यूलचं नाव जुळलंच पाहिजे. रेल्स ६ पासूनचा झाइटवर्क लोडर (फाइली आपोआप लोड करणारा भाग) यात सवलत देत नाही, फाइलमध्ये अपेक्षित कॉन्स्टंट (इथे मॉड्यूलचं नाव) नाही म्हणून थेट एरर देतो. मॉड्यूलमध्ये ‘डेफ सेल्फ.रुपयांत’ लिहू नका, साधं ‘डेफ रुपयांत’ लिहा. सेल्फ लावलंत की मेथड मॉड्यूलची होते, व्ह्यूला मिळत नाही, आणि फाइल तर बरोबर जागी आहे म्हणून आपण भलतीकडे शोधत बसतो.

आता आतला मजकूर. ‘नंबर_विथ_डेलिमिटर’ मुळात तीन-तीन आकड्यांनी स्वल्पविराम टाकतं, म्हणजे १२३४५६ चे १२३,४५६ होतात. आपल्याला १,२३,४५६ हवं. त्यासाठी ‘डेलिमिटर_पॅटर्न’ हा पर्याय आहे. या मेथडच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये आपल्या लाख-हजारांच्या पद्धतीचा पॅटर्न उदाहरण म्हणून दिलेलाच आहे, तोच उचला आणि पुढे ₹ लावा. रुपयांनंतरचे पैसे (दशांश) दाखवायचे नसतील तर आधी ‘राउंड’ करा. आणि रक्कम निल (म्हणजे रिकामी) असेल तर सुरुवातीलाच डॅश परत करा, नाहीतर ज्या गिऱ्हाइकाचं बिल अजून निघालेलं नाही त्याचं पान कोसळेल.

‘२ डबे’ दाखवण्यासाठी रेल्सच्या ‘प्लुरलाइझ’वर विसंबू नका. लोकेल (साइटच्या भाषेचं सेटिंग) इंग्रजी असेल तर ते ‘डबा’ला सरळ इंग्रजी एस चिकटवतं. अनेकवचन स्वतः द्या: प्लुरलाइझ(संख्या, "डबा", "डबे"). मग १ डबा, २ डबे नीट येतं.

हेल्परमधून एचटीएमएल परत करायचं असेल तर जरा थांबा. "<बी>" जोडून स्ट्रिंग परत केलीत की रेल्स ती एस्केप करतं (टॅगची चिन्हं साधा मजकूर बनवतं) आणि पानावर टॅगच अक्षरशः दिसतो. मग कुणीतरी ‘एचटीएमएल_सेफ’ लावायला सांगतं, आणि खरी चूक तिथे होते. ‘कांदा-लसूण नको’ ही सूचना गिऱ्हाइक स्वतः टाइप करतं. त्या खोक्यात कुणी स्क्रिप्ट टॅग टाकला तर ‘एचटीएमएल_सेफ’मुळे तो उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल, आणि ते पान उघडणार मेसवाले काका, ॲडमिनच्या लॉगिनने. त्याऐवजी ‘टॅग.स्पॅन(सूचना, क्लास: "सूचना")’ वापरा, आतला मजकूर आपोआप एस्केप होतो. अनेक तुकडे जोडायचे असतील तर ‘सेफ_जॉइन’ आहे.

हेल्परमध्ये डेटाबेसला हात लावणंही टाळा. ‘बाकी(कस्टमर)’ अशी मेथड आत ‘कस्टमर.बिल्स.सम’ करत असेल तर १८० गिऱ्हाइकांच्या यादीला १८० क्वेरी जातात. व्ह्यूमध्ये ते दिसत नाही, लॉगमध्ये दिसतं. कंट्रोलरमध्ये एकदाच कस्टमर आयडीवर ग्रुप करून सम काढा, हॅश (आयडी आणि रकमेच्या जोड्या) मिळेल. तो हॅश हेल्परला आर्ग्युमेंट म्हणून द्या. ज्याची बाकीच नाही त्याची नोंदच हॅशमध्ये नसते, म्हणून ‘फेच’ करताना शून्य द्या.

सगळे हेल्पर सगळ्या व्ह्यूंना मिळतात, हे रेल्सचं डीफॉल्ट आहे. त्यामुळे दोन मॉड्यूलमध्ये ‘स्टेटस’ नावाची मेथड असेल तर शेवटी लोड झालेली जिंकते आणि काहीही एरर येत नाही. ‘बिल_स्टेटस’, ‘डबा_स्टेटस’ अशी नावं ठेवा. मेलरला (ईमेल पाठवणारा क्लास) मात्र हे फुकट मिळत नाही. बिल ईमेलने पाठवणार असाल तर मेलर क्लासमध्ये ‘हेल्पर :बिल’ लिहा. ‘करंट_कस्टमर’ तिथे मिळणार नाही, मेलला सेशन कुठलं? कस्टमर पॅराममधून पाठवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण महिन्याच्या बिलात हे हमखास फसतं: रेल्सचा टाइमझोन मुळात यूटीसी असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ तारखेला पहाटे ५ वाजता टाकलेली डब्याची सुट्टी मागच्या महिन्यात धरली जाईल. कॉन्फिगमध्ये ‘टाइम_झोन’ला "मुंबई" द्या. रेल्सच्या यादीत मुंबई, कोलकाता, चेन्नई, नवी दिल्ली आहेत, पुणे नाही, सहन करा. आणि ‘डेट.टुडे’ऐवजी ‘डेट.करंट’ वापरा, कारण ‘टुडे’ सर्व्हरच्या घड्याळावर चालतं.

तपासायला ब्राउझर लागत नाही. रेल्स कन्सोल उघडून ‘हेल्पर.रुपयांत(१२३४५६)’ टाका. तिथे ₹१,२३,४५६ आलं आणि पानावर एरर येत असेल, तर मेथड ठीक आहे. मग आधी बघा, ती मेलरच्या किंवा मॉडेलच्या आतून तर बोलावत नाही ना. कंट्रोलरमधूनच हवी असेल तर ‘हेल्पर्स.रुपयांत’ असं लिहा, शेवटचा एस विसरू नका. कन्सोलमध्ये एकवचन आणि कंट्रोलरमध्ये अनेकवचन, हा घोळ रेल्सचाच आहे.