केबल काढली की लॉगिन होतं!

प्रश्न : ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर पासवर्ड बरोबर असूनही विंडोज आत घेत नाही. ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा मेसेज येतो. नेटवर्कची केबल काढली, की तोच पासवर्ड चालतो. असं का?

उत्तर : केबल नसताना विंडोज पासवर्ड सर्व्हरला विचारत नाही, स्वतःकडे साठवलेल्या जुन्या नोंदीशी ताडून बघतं. म्हणजे तुमचं खातं ठीक आहे. बिघडलंय ते कॉम्प्युटरचं. डोमेनमध्ये (एका सर्व्हरने सांभाळलेल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये) प्रत्येक कॉम्प्युटरचाही पासवर्ड असतो आणि तो साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो. जुना बॅकअप किंवा रिस्टोर पॉइंट परत टाकला, की मशीनकडे जुना पासवर्ड राहतो, सर्व्हरकडे नवा. अलीकडे कोणी रिस्टोर केलं होतं का, हे आधी विचारा.

दुरुस्तीसाठी लोकल (त्याच कॉम्प्युटरपुरत्या) अ‍ॅडमिन खात्याने आत शिरा, केबल लावा, पॉवरशेल (विंडोजमधली कमांड द्यायची खिडकी) ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल’ (Test-ComputerSecureChannel) ही कमांड ‘-रिपेअर’ (-Repair) आणि ‘-क्रेडेन्शियल’ (-Credential) जोडून चालवा, डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या. ‘ट्रू’ आलं, की रीस्टार्ट. डोमेनमधून काढून पुन्हा जोडायची घाई कृपया करू नका. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत नसेल, तर बाहेरच अडकाल.

कमांडला सर्व्हरच सापडला नाही, तर कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमधला डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सोय) तपासा. तिथे राउटरचा नव्हे, डोमेन सर्व्हरचा पत्ता हवा.