ट्रेलरच्या डाव्या कुशीला रेंगाळू नकोस

प्रश्न : ताई, मी कासारवडवलीला राहते, ऑफिस ऐरोलीला. पक्कं लायसन्स नुकतंच हातात आलंय. घोडबंदर रोडवर शेजारून कंटेनर गेला की हात थरथरतात. वाघबीळच्या उड्डाणपुलावर ट्रॅफिकमध्ये थांबले की चढावर गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात आणि शेजारी बसलेले बाबा ओरडतात. मागच्या काचेवरचा ‘एल’ काढू का?

उत्तर : आधी बाबांचं बघू. शिकाऊ लायसन्सवर शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो, पक्क्यावर नाही. त्यांना घरी निवांत चहा पिऊ दे. एलही काढ, तो शिकाऊ लायसन्सपुरताच. तसंही घोडबंदरला एल बघून कुणी सांभाळून घेत नाही, उलट कट मारून पुढे जातात.

चढावर गाडी बंद पडते ती क्लच घाईने सुटतो म्हणून, आणि घाई होते ती गाडी मागे सरकेल या धास्तीने. ती धास्ती हँडब्रेकवर सोपव. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत आण. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय रोखायचा, हलका ॲक्सिलरेटर द्यायचा, मग हँडब्रेक खाली. रात्री जेवणं झाली की सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर हेच करत बस. वॉचमन वैतागेल, वैतागू दे.

कंटेनरची भीती मात्र मी घालवणार नाही, थोडी हवीच. जेएनपीटी बंदरातून कंटेनर घेऊन गुजरातकडे जाणारे ट्रेलर याच रस्त्याने जातात, ते शेजारी येणारच. त्याच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस असंच धरून चाल. केबिनच्या डाव्या दाराशी लहान गाडी पार लपते. पुढे मोकळं असेल तर एका दमात निघून जा, नाहीतर मागे राहा. मागेही इतकं अंतर ठेव की त्याचे दोन्ही आरसे दिसतील.

डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या आत तर शिरायचंच नाही. केबिन आधी उजवीकडे झुकते, आपल्याला वाटतं जागा झाली, आणि मागची चाकं आतून कापत येतात. माजिवड्याला अशी जागा दिसली की थांब. मागचा हॉर्न बडवेल. त्याला ती चाकं दिसत नसतात.

पावसात अंतर आणखी वाढव. ट्रेलरच्या चाकांचं पाणी काचेवर आलं की क्षणभर काहीच दिसत नाही, म्हणून त्याच्या बाजूने जाण्याआधीच वायपर जोरात लावून ठेव.