जुन्या गाडीच्या पोटाखालचा गंज

प्रश्न : माझी गाडी 14 वर्षांची आहे. खालून जागोजागी तांबूस डाग दिसतात. त्यावर सरळ काळं रबरी कोटिंग मारून घेतलं तर चालेल का?

उत्तर : गंजावर थेट मारू नका, ही कळकळीची विनंती. असंच जाड कोटिंग मी एका गाडीचं खरवडलं होतं. वरून अखंड दिसत होतं. स्क्रूड्रायव्हर टोचला, तो पत्र्यातून आरपार गेला. कडा सुटली की पाणी आत शिरतं, वाळत नाही आणि गंज नजरेआड वाढतो.

आधी गाडी खालून धुवा, चाकांच्या कमानींतला चिखल काढा आणि पूर्ण वाळू द्या. गाडीखाली शिरायचं तर भक्कम स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर कधीच नाही. सुटा गंज तारेच्या ब्रशने घासा, खड्ड्यांत उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा स्थिर थर बनवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा पायाचा रंग). शेवटचा थर मी गंजरोधक मेणाचा देतो. तो मऊ राहतो, सहसा तडकत नाही, दरवर्षी पाहून पुन्हा लावता येतो.

दारांखालच्या पोकळ पट्ट्या मात्र आतून सडतात. तिथे लांब नळीने पातळ मेण फवारा, पण पाणी निचरायची भोकं बुजवू नका. सायलेन्सर आणि ब्रेक झाकून ठेवा. सस्पेन्शन जोडलेल्या जागी पत्रा दबत असेल तर आधी वेल्डिंग, कोटिंग नंतर.