वाकड्या भिंतीवर टाइल लावण्याआधी

टाइलचं खोकं उघडण्याआधी भिंत तपासा. वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा, मग 2 मीटरची ॲल्युमिनियम पट्टी उभी, आडवी आणि तिरकी लावून बघा. पट्टीमागे 3 मिमीपर्यंत फट दिसली तर टाइल चिकटवायचं ॲडेसिव्ह ती सांभाळून घेतं. त्याहून जास्त असेल तर आधी गिलाव्याने भिंत सरळ करा. फुगवटा टाकीने छाटा, खोलगट भाग 1:4 सिमेंट-वाळूने भरा आणि 7 दिवस पाणी मारा. कोपऱ्यालाही ओळंबा लावायला विसरू नका. तो ओळंब्यात नसला की शेवटची टाइल वर 5 सेंमी आणि खाली 4 सेंमी कापावी लागते, आणि ते कायम डोळ्यांत खुपतं.

नवशिके हमखास चुकतात ते इथे: खड्डा दिसला की टाइलमागे मसाल्याचा गोळा जास्त लावतात. जाड थर सुकताना जास्त आकसतो, टाइल आत ओढली जाते आणि शेजारच्या टाइलची कड बाहेर राहते. चार कोपऱ्यांवर गोळे लावून चिकटवलेली टाइल मधे पोकळ राहते; पुढे ड्रिल मारलं की तडकते.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसतं सिमेंट तिला धरत नाही. पॉलिमर ॲडेसिव्हच घ्या आणि दातेरी थापीने एकाच दिशेने ओढा. पहिल्या काही टाइल लगेच उचलून पाठ बघा. ॲडेसिव्ह सगळीकडे लागलेलं नसेल तर टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या.

जमिनीवर विसंबू नका, तिला उतार असू शकतो. भिंतीवर लेव्हलमध्ये आडवी पट्टी ठोकून दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करा, तळाची ओळ शेवटी कापून बसवा.