जळगावच्या चौघा मित्रांनी भागीदारीत नवी फायबर बोट घेतली आहे. ट्रोलिंगचा पहिला दिवस जवळच्या सुरतेला काढावा की कोकणात?

कोकणात. सुरत आपल्याला जवळ पडते, रात्री भुसावळहून गाडीत बसलं की सकाळी तिथे, हे खरं. पण ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे नकली आमिष ओढत नेणं, आणि सुरमई किंवा कुपा (टूना) डोळ्यांनी बघून शिकार करतात. आपली तापी आणि शेजारची नर्मदा तिकडे गाळ ओततात, आणि खंभातच्या आखातातली जबर भरती-ओहोटी तो खाली बसूच देत नाही. त्या गढूळ पाण्यात आमिष दिसणार कुणाला? बोट ट्रेलरवर घाला आणि रत्नागिरी नाहीतर मालवण गाठा. लांबचा प्रवास आहे, पण पाणी त्या मोलाचं आहे.

मार्लिनचे, म्हणजे खोल समुद्रातल्या त्या अजस्र माशाचे, व्हिडिओ बघून निघाला असाल तर तो विचार तूर्त सोडा. तिथूनही खोल समुद्र छोट्या बोटीच्या एका दिवसाच्या टप्प्यात नाही. खडकांच्या आसपासची सुरमई हेच पहिल्या दिवसाचं लक्ष्य ठेवा. आणि खरं सांगतो, ती काही कमी नाही.

आता बोट. नव्या फोर-स्ट्रोक इंजिनाला साधारण पहिले १० तास जपावं लागतं. एकाच वेगावर तासन् तास चालवणं त्याला मानवत नाही, आणि ट्रोलिंगमध्ये नेमकं तेच होतं. म्हणून जवळच्या धरणात परवानगी मिळाली तर हे तास तिथेच भरून काढा. नाही जमलं तर समुद्रात दर पंधरा-वीस मिनिटांनी वेग खालीवर करत राहा. सुरमईला ५-६ नॉट (ताशी साधारण ९ ते ११ किमी) पुरतात.

वायर लीडर, म्हणजे आमिषापुढचा तारेचा तुकडा, लावल्याशिवाय आमिष पाण्यात सोडू नका. सुरमईचे दात नायलॉन असं तोडतात की टोक ब्लेडने कापल्यासारखं सरळ दिसतं. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोरी सोडू लागेल तो ताण, वजनकाट्याने मोजून लावा, १५ किलो ताण सोसणाऱ्या दोरीला ४ ते ५ किलो. मासा लागला की रीळ कर्रर्र ओरडतं आणि नवखा माणूस घाईत इंजिन बंद करतो. तिथेच दोरी ढिली पडून गळ सुटतो. सुकाणूवरच्याने बोट हळू पुढे चालूच ठेवायची, बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या, रॉड एकाच्याच हातात. कोण काय करणार हे किनाऱ्यावरच ठरवा.

पहाटे मतलई वाऱ्यात निघा. दुपारी खारे वारे सुटले की पाणी उसळतं, त्याआधी परतीला लागा. धरणावर वाढलेल्या आपल्या लोकांना ती उसळी झेपत नाही. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, बरोबर कोरडी कळण्याची भाकरी ठेवा, भरीत संध्याकाळी खा. डिझेल-पेट्रोल काहीही असो, एक तृतीयांश टाकी राखीव. लाइफ जॅकेट अंगावरच हवं. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर चौघांच्याही फोनमध्ये असू द्या, आणि बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर मदतीसाठी चॅनल १६.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आणि पहिल्या दिवशी तिथल्या एखाद्या तांडेलाला (मासेमारी बोटीच्या नाखव्याला) मजुरी देऊन सोबत घ्याच. पाण्याखालचे खडक त्याला पाठ असतात, तुमच्या जीपीएसमध्ये ते सगळे असतीलच असं नाही.