सातवा महिना चालू आहे, डोकं सारखं दुखतंय आणि बीपी 144/92 आलंय, काळजीचं आहे का?

हो, आजच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. प्रेग्नन्सीत नुसतं डोकं दुखणं तसं कॉमन आहे, झोप नीट नाही, पाणी कमी, अ‍ॅसिडिटी, काहीही कारण असतं, पण 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 च्या वर गेलं आणि सोबत डोकंही दुखतंय म्हटल्यावर प्रीएक्लॅम्प्सिया (प्रेग्नन्सीत बीपी वाढून आई आणि बाळ दोघांनाही धोका होऊ शकतो असा आजार) नाही ना हे बघावंच लागतं, त्यासाठी लघवीतलं प्रोटीन आणि रक्ताची तपासणी करतात.

पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या लेव्हलला ठेवून परत एकदा मोजा (जिना चढून आल्या आल्या मोजलं तर जास्तच येणार). वरचा आकडा 160 किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा 110 किंवा त्याहून जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, चेहरा अचानक सुजलाय, यातलं एक जरी असेल तरी सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. आयब्युप्रोफेन अजिबात नको, पॅरासिटामॉल चालते, पण ती घेऊनही डोकं दुखायचं थांबत नसेल तर तेही लगेच दाखवायचंच लक्षण आहे. आणि हो, डिलिव्हरी झाली की बीपीचं टेन्शन संपलं असं नसतं, नंतरचे काही आठवडेही मोजत राहा.